हॅमॉकच्या दोरीचा सांधा रात्री तीनलाच का सुटला?

पाठ वाळूवर आपटली, सुरूच्या मुळावर नाही, हे वाचून आधी हायसं वाटलं.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. तुमचं वजन ८२ किलो. ३ मिलिमीटर जाडीची, बारापेडी, आतून पोकळ अशी करड्या रंगाची ‘डायनिमा’ दोरी तुम्ही ऑनलाइन मागवलीत. व्हिडिओ बघून हॅमॉकच्या दोन्ही टोकांना सांधलेले लूप केलेत. दोरीची टोकं ‘चार बोटं’ आत ओवलीत आणि उसवू नयेत म्हणून ओवण्याआधी लायटरने जाळून त्यांचा गोळा केलात. केळशीच्या सुरूबनात रात्री दहाला आडवे झालात, काही झालं नाही. तीनला लघवीला उठलात, परत येऊन बसलात आणि पायाकडचा लूप उघडला. आता मित्र म्हणतोय, सोड ते सांधेबिंधे, दोन निरगाठी मार आणि झोप. तुमचा प्रश्न असा की इतक्या बारीक दोरीचा सांधा मुळात भरवशाचा असतो का, असेल तर किती लांब ओवायचा, आणि लांबी कमीजास्त करायची तुमची व्हूपी स्लिंग दमट हवेत सरकते ती कशाने.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटली ती वेळ. दहा ते तीन म्हणजे पाच तास त्या सांध्याने तुमचं वजन झेललं. ताकद कमी पडली असती तर दहालाच आपटला असतात. म्हणजे सांधा किती वजन घेतो हा इथला प्रश्नच नाही. तुम्ही उठून गेलात त्या पाच मिनिटांत, हॅमॉक रिकामा असताना, सांध्याचं काय झालं ते शोधायला हवं.

मी कोण हे थोडक्यात सांगतो. बावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या डेकवर काढली, त्यातली शेवटची आठ सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. जहाज धक्क्याला बांधायचे मनगटाएवढे दोर सांधण्यात हात झिजले. आता गुहागरजवळ गावी असतो. भाचा कँपिंगवाल्यांना हॅमॉक शिवून देतो, त्याच्यापायी गेली सहा वर्षं ही बुटाच्या नाडीएवढी दोरी हातात आली. जहाजावरचं सगळं ज्ञान इथे चालत नाही, हे मला किंमत मोजून कळलं. ते पुढे येईलच.

परकराची किंवा पायजम्याची नाडी कधी ओवली असेल, तर पोकळ दोरीचा सांधा तुम्हाला निम्मा येतो. बाहेरची दोरी म्हणजे नेफा, तिच्यात शिरलेलं टोक म्हणजे नाडी. फक्त हा नेफा विणलेला आहे, आणि विणलेली नळी ताणली की आवळते, चुणली की फुगते. बाजारात लसूण ज्या जाळीत येतो तिच्यात बोट घालून ती ओढून बघा. ओढाल तेवढं बोट घट्ट धरेल, मागे लोटलीत की सोडून देईल. सांध्यात याहून वेगळं काही नसतं. बाहेरची दोरी आतल्या शेपटाला आवळून धरते, आणि वजन वाढेल तशी पकड वाढते. वजन उतरलं की पकडही उतरते. मग नाडी नेफ्यात जायला कितीसा वेळ लागतो, ते आपण सगळ्यांनी ऐन घाईच्या वेळी अनुभवलेलं आहे.

तुमच्याकडे हेच झालं असणार. तुम्ही उठलात आणि दोरी सैल पडली. रात्री किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्याने रिकामा हॅमॉक फडफडवला. एकेका झटक्याला शेपूट दोन-चार मिलिमीटर मागे आलं. मुळात चार बोटं म्हणजे ७ सेंटीमीटर, त्यात टोकाला जळून टणक झालेला गोळा. तो गोळा आतून नळी फुगवून ठेवतो, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या भागावर बाहेरची दोरी नीट टेकतच नाही. कागदावर ७ सेंटीमीटर असले तरी पकड पाचचीच. त्यातले तीन वाऱ्याने नेले आणि उरलेल्या दोनवर तुम्ही बसलात.

आता हाताशी कुठली दोरी आहे यावर बरंच काही अवलंबून आहे, म्हणून आधी तिची खात्री करून घेऊ. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही एकाच जातीच्या तंतूची दोन कंपन्यांची व्यापारी नावं. तंतू पॉलिथिलीनचाच, पण त्याची रेणूंची साखळी प्रचंड लांब असते. पाण्यापेक्षा तो किंचित हलका, घनता ०.९७. दोरीचा तुकडा बादलीत बुडवून बोटांनी दाबून आतली हवा काढा. तो बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर आहे, विषय संपला. तरंगला तरी लगेच खूश होऊ नका, कारण मच्छीमारांची हिरवी-निळी पॉलिप्रॉपिलीनची दोरीही तरंगते. ती हाताला खरखरीत आणि ताठ लागते. डायनिमा मऊ, ओल्या साबणासारखी निसरडी, आणि ओढली तर ताणल्यासारखी वाटतच नाही. घरातल्या बोथट कात्रीने ती कापायला गेलात तर ती कात्रीच्या पात्यांत चावली जाते, तुटत नाही. ही खूण मला सर्वांत खात्रीची वाटते.

दुसरी अट अशी की ती खरोखर पोकळ हवी. दोन हातांत धरून चुणली की पेड उघडून फुगली पाहिजे, आतून वेगळा पांढरा गाभा दिसता कामा नये. पॅराकॉर्डसारख्या कवचवाल्या दोरीला ही पद्धत चालत नाही. तुमच्या वर्णनावरून दोरी बरोबर वाटते. ताकदीचं म्हणाल तर नावाजलेल्या कंपनीची २.८ मिलिमीटरची दोरी ७०० किलोच्या आसपास तुटते. निनावी दोरीच्या पाकिटावर काहीही छापलेलं असो, मी तो आकडा निम्मा धरतो.

किती ओवायचं? या तंतूच्या बारापेडी दोरीसाठी जहाजावरही आणि बाहेरही पाळला जाणारा नियम म्हणजे जाडीच्या ७२ पट. तुमच्या ३ मिलिमीटरला साधारण २२ सेंटीमीटर होतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरला एवढं लागत नाही. इथे लागतं, कारण हा तंतू निसरडा, आणि जे घर्षण कमी ते लांबीने भरून काढावं लागतं.

हॅमॉकवाले यावर हरकत घेतील. बंद लूपमध्ये वजन दोन पायांत वाटलं जातं, प्रत्येक पायावर निम्मंच येतं, म्हणून निम्मी लांबी पुरते, असं पुष्कळ जण करतात आणि निवांत झोपतातही. गणित चुकीचं नाही. मी मात्र लूपच मोठा करतो आणि २० सेंटीमीटरच्या खाली येत नाही. वीतभर दोरी वाचवून पाठीचा एक्स-रे काढायचा कशाला? रिजलाइनच्या, म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून बांधलेल्या दोरीच्या, टोकाला सांधलेला डोळा असतो तिथे एकाच दोरीवर सगळा ताण येतो, तिथे तर पूर्ण ७२ पट.

लांबीएवढंच शेपूट निमुळतं करणं महत्त्वाचं. शेपूट एकदम तोडलं तर जिथे ते आत संपतं तिथे जाड दोरी अचानक बारीक होते. बाहेरच्या पेडांना त्या पायरीवर मोड पडतो, आणि ताण वाढला की दोरी तुटते ती नेमकी तिथेच. म्हणून शेपटाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात पेड कमी करत जायचं.

आता प्रत्यक्ष करू. ५० सेंटीमीटर घेराचा लूप हवा, दोन्ही बाजूंनी २० सेंटीमीटर ओवण, म्हणजे ९० सेंटीमीटर दोरी. त्यात आणखी ५ धरा, कारण आत शेपूट शिरलं की दोरी फुगते आणि आखूड होते. कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून पट्टीच्या मधोमध नव्या ब्लेडने लाकडावर कापा. जाळायचं नाही. हा तंतू १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टर त्याच्या किती तरी वर जातात, म्हणून त्यांची टोकं जाळायची सवय आपल्या हातात बसली आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे पीळही जातो आणि सुंभही. जाता जाता सांगतो, हॅमॉकखाली डासांची कॉइल ठेवणार असाल तर लूपपासून लांब ठेवा.

दोन्ही टोकांपासून २० सेंटीमीटरवर पेनाने खूण करा. पहिलं टोक दुसऱ्या बाजूच्या खुणेतून आरपार काढा, पेडांच्या बरोबर मधून, सहा इकडे सहा तिकडे. पेड फोडून नाही, फट पाडून. दोन्ही खुणा एकमेकींना भिडेपर्यंत ओढा. मग दुसरं टोक पहिल्या बाजूच्या खुणेतून तसंच आरपार. ओढलंत की दोन्ही दोऱ्या एकमेकींच्या पोटातून गेलेल्या दिसतील. याला लॉक्ड ब्रमेल म्हणतात. बरेच लोक यालाच सांधा समजतात आणि मग ओवण आखूड ठेवतात. ब्रमेल ही नुसती कडी आहे, दार नव्हे. सैल असताना ती जागा हलू देत नाही एवढंच, वजन घेते ती ओवणच. तुम्ही ब्रमेलचा उल्लेखच केलेला नाही, म्हणजे तुमच्या लूपला कडीसुद्धा नव्हती.

आता शेपटं निमुळती करा. टोकापासून ७ सेंटीमीटर मागे जा. तिथे एक पेड सुईने उचला, टोकापर्यंत उसवून घ्या आणि कापा. पेड जोडीने काढायचे, एक उजवीकडे फिरणारा आणि एक डावीकडे फिरणारा, नाही तर उरलेली वीण एका बाजूला पिळवटते. सेंटीमीटरभर पुढे दुसरी जोडी, आणखी पुढे तिसरी, चौथी. शेवटाला चारच पेड उरतात आणि शेपूट उंदराच्या शेपटीसारखं दिसतं. काढलेले पेड फेकू नका, पुढे लागतील.

ओवायला महागडं फिड, म्हणजे दोर सांधायची खास सुई, घेऊ नका. या जाडीला गिटारची सर्वांत बारीक तार मधोमध दुमडून वापरा. शेपटाचं टोक जिथे संपायला हवं तिथून थोडं पुढे दोरीत तिचं दुमडलेलं टोक घाला आणि आतल्या आत मागे ब्रमेलकडे सरकवत न्या, दुसऱ्या हाताने दोरी तारेवर चुणत. ब्रमेलपासून नखभर अंतरावर तार बाहेर काढा, शेपूट तिच्या घडीत अडकवा आणि उलटी ओढून घ्या. ४ मिलिमीटरच्या पुढच्या दोरीला मोडक्या छत्रीची काडी झकास चालते. जुन्या काळ्या छत्रीच्या काडीला टोकाशी कापड शिवायचं भोक असतं, तेच नेढं समजायचं. कोकणात घरटी दोन तरी मोडक्या छत्र्या माळ्यावर असतात, बाजारात जायला नको.

शेपूट ओवून झालं की दोरी चुणलेली, जाड दिसेल. एका हाताने ब्रमेल धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून दोरी सरळ करत बाहेरच्या दिशेला न्या, नेफ्याच्या चुण्या मोडतो तशी. एकदा नाही, आठ-दहा वेळा. बाहेर डोकावणारं शेपूट हळूहळू आत जाऊन दिसेनासं होईल. शेवटच्या फेरीला निमुळता भाग बोटांना लागतो. जाडी कुठेही पायरी न पडता उतरत गेली पाहिजे. बोट अडलं तर उसवा आणि परत करा. माझे पहिले सहा लूप मी उसवले, तुमचे चार गेले तर वाईट वाटून घेऊ नका. दुसरं शेपूट असंच उलट दिशेला. दोन्ही शेपटांच्या टोकांमध्ये वळसा घालून दहाएक सेंटीमीटर रिकामी दोरी उरते, ती उरलीच पाहिजे.

इथवर बहुतेक व्हिडिओ संपतात, आणि तीन वाजताची गोष्ट सुरू होते.

माझी चूक इथेच झाली होती. भाच्यासाठी पहिले बारा लूप केले तेव्हा ब्रमेल न करता साधी सरळ ओवण केली होती. ओवण भरपूर, शेपटं देखणी. जहाजावर आम्ही सांध्यावर शिवण घालायचोच, पण म्हटलं, हॅमॉकच्या सुतळीला कसली शिवण! माज, दुसरं काय. पावसाळ्यात लूप पिशवीत पडून होते. ऑक्टोबरात पिशवी उघडली तर तिघांची शेपटं बाहेर लोंबत होती. कोणी बसलं नव्हतं, नुसतं हाताळून, घडी घालून, पिशवी इकडची तिकडे फेकून एवढं झालं. नशीब की घरीच दिसलं.

तेव्हापासून ब्रमेल असला तरी शिवण घालतोच. मघाचे काढलेले पेड इथे वापरा, त्याच तंतूचे असतात आणि त्यांच्यासारखा दोरा दुकानात मिळत नाही. सुईत ओवून सांध्याच्या जाड भागातून आरपार, ब्रमेलच्या बाजूने सुरुवात करून चार-पाच टाके पुढे, मग दोरी पाव वळसा फिरवून तसेच मागे. टाके करकचून ओढायचे नाहीत. मी सुरुवातीला ओढले होते, आणि वजन टाकताना एकेक टाका टक्‌ टक्‌ करत तुटला. ताण आला की सांधा थोडा लांबतो आणि बारीक होतो, टाका मात्र तेवढाच राहतो, मग सगळा भार त्याच्यावर. शिवणीने वजन घ्यायचं नसतं. सैल पडलेल्या वेळात शेपटाला जागेवर बसवून ठेवायचं, एवढंच तिचं काम.

केलेला लूप तपासायची माझी रीत साधी आहे. शेपूट ओवणीत शिरतं त्या तोंडाशी दोन्ही दोऱ्यांवर पेनाने रेघ. मग आंब्याच्या जाड फांदीला पट्टा, पट्ट्याला लूप, लूपला २०० लिटरचा रिकामा पिंप, जमिनीपासून वीतभरच वर. त्यात नळीने पाणी सोडायचं. वजन सावकाश चढतं आणि काही सुटलं तर पिंप वीतभरच पडतो. पाय खाली नेऊ नका, बस. पिंप भरला म्हणजे २०० किलो झाले. रात्रभर ठेवायचा, सकाळी रेघा बघायच्या. पहिल्या ताणाला दोन-तीन मिलिमीटर सांधा बसतो, ते चालतं. मग पिंप काढून मोकळा लूप हातात धरून गोधडी झटकतो तसा शंभर वेळा झटकायचा, आणि पुन्हा रेघा. तुमच्या त्या लूपने पिंपाची परीक्षा बहुधा पास केली असती. झटकण्याच्या परीक्षेत मात्र तो नापास झाला असता.

आता मित्राच्या निरगाठींविषयी. या तंतूत गाठ मारली की ताकद निम्म्याच्याही खाली येऊ शकते, कारण वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या तंतूंवर सारखा ताण येत नाही आणि ताणून वाटून घ्यायची सवय या तंतूला नाही. त्यात निसरडेपणा. नायलॉनला सहज बसणारी गाठ इथे वजनाखाली मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि सरकली नाही तर अशी आवळते की दातांनीही सुटत नाही. तरी मित्र अगदीच चूक नाही. ७०० किलोच्या दोरीची ताकद गाठीने तीनशेवर आली तरी तुमचं वजन ८२ आहे. चार बोटांच्या बिनशिवणीच्या सांध्यापेक्षा शेपूट लांब ठेवून मारलेली चांगली गाठ मी केव्हाही पत्करेन. दोन्हींची खिचडी मात्र नको. आखूड सांधा आणि त्याच्यावर ‘सेफ्टीसाठी’ गाठ असं केलं की गाठीचा तोटा पदरात पडतो आणि सांध्याचा फायदा हातचा जातो. ताडपत्रीच्या दोऱ्यांना तर बिनधास्त गाठी मारा, तिथे सांधत बसणं म्हणजे हौस.

‘तुमचं वजन ८२’ असं मी सहज म्हणून गेलो, पण दोरीला ८२ लागतं की किती, ते हॅमॉक किती ताणून बांधलाय त्यावर ठरतं. पट्टे जमिनीशी ३० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक बाजूला बरोबर तुमच्या वजनाएवढा ताण येतो. १५ अंश ठेवलात तर जवळजवळ १६० किलो, १० अंशांना २३५ च्या आसपास. नवखी माणसं खाटेसारखा सपाट हवा म्हणून हॅमॉक तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतात, आणि मग दोरीला दोष देतात. कोन मोजायला हातच वापरा. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणून तर्जनी आडवी धरा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत मनात जी तिरपी रेघ येते ती साधारण ३० अंशांची. पट्टा तिच्याशी जुळवायचा. दर वेळी मोजायचा कंटाळा असेल तर हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के लांबीची रिजलाइन कायमची लावून टाका. ३.३ मीटरच्या हॅमॉकला २.७४ मीटर. झोळ दर रात्री सारखाच पडतो.

व्हूपी स्लिंगचं दुखणं वेगळं आहे. तिच्यात ओवलेली दोरी मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, कारण ती आतबाहेर सरकवूनच लांबी बदलायची. म्हणजे इथे शिवण नाही, कडी नाही, नुसता नेफा आणि नाडी. त्यामुळे दर वेळी लांबी ठरवली की बसण्याआधी नेफ्याच्या चुण्या मोडायच्याच. रात्री उठून परत आलात तरी, झोपेत असलात तरी. ओवण २० सेंटीमीटरपेक्षा आखूड असेल तर नवी करा. मोकळ्या शेपटाच्या टोकाला एक ठसठशीत गाठ ठेवा, म्हणजे काहीही झालं तरी ते नेफ्यातून पूर्ण निसटणार नाही. ही गाठ वजन घेत नाही, तेव्हा ती चालते.

पण दमट हवेचा आरोप मला पटत नाही. हा तंतू पाणी पीत नाही. पाणी पितं ते नायलॉन, आणि तुमच्या हॅमॉकचं कापड बहुतेक नायलॉनचंच असणार. किनाऱ्यावर पहाटेपर्यंत ते दमट होऊन ताणतं, हॅमॉक चार बोटं खाली येतो आणि आपल्याला वाटतं स्लिंग सरकली. नेफ्याच्या तोंडाशी पेनाने रेघ मारून झोपा. सकाळी रेघ जागेवर असेल तर स्लिंग निर्दोष.

किनाऱ्यावर दोरीला खरा त्रास वाळूचा. ओल्या पेडांत बारीक वाळू शिरते आणि प्रत्येक हेलकाव्याला आतून कानशीसारखी घासते. घरी आल्यावर लूप आणि स्लिंग गोड्या पाण्याच्या बादलीत चुणून-सोडून धुवा आणि सावलीत वाळवा. दोरीवर केसाळ लव येणं ठीक आहे, पण एखादा पूर्ण पेड तुटलेला दिसला किंवा कुठे काचेसारखा टणक ठिपका लागला, की तो लूप बाद.

ही बारीक दोरी झाडाला थेट गुंडाळत नाही आहात ना? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारतो. ती साल कापते आणि स्वतःही घासते. झाडाला २५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद पॉलिएस्टरचा पट्टा, आणि पट्ट्याला लूप. नारळाखाली झोपायचं नाही हे कोकणात सांगावं लागत नाही, पुण्याच्या माणसाला सांगतो. पोफळ सडपातळ, ती वाकते. सुरू बरा, पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यात असंख्य झाडं मुळासकट हलवली. त्यातली काही वरून हिरवी दिसतात आणि बुंध्याशी वाळू भेगाळलेली असते. पट्टा बांधण्याआधी झाडाला खांदा लावून जोराने ढकला आणि बुंध्याशी बघा. जमीन हलली तर दुसरं झाड शोधा.

शेवटी राहिला तुमचा पायाकडचा सुटलेला लूप आणि डोक्याकडचा न सुटलेला. तोही त्याच हाताने, तेवढ्याच बोटांनी केलेला आहे, तेव्हा त्याच्यावर पुन्हा झोपू नका. दोन्ही उसवा, जळलेले गोळे कापून टाका. उरलेल्या तुकड्यांत ७२ पटीची ओवण बसणार नाही, पण निमुळतं करायचा सराव त्यांच्यावर चांगला होईल. सराव झाला की ताडपत्रीच्या कोपऱ्यांना बांधा.